दोन शाईंत एक बालपण : कामाच्या नोंदी

4 मार्च 2024

माझ्या बालपणावरच्या चित्रकथेचं प्रकाशकांशी बोलणं पक्कं झालं. 128 पानं, म्हणजे सोळापानी आठ फर्मे. चार रंगांचा खर्च झेपणार नाही, दोन रंगांत बसवा, असं ते अवघडून म्हणाले. त्यांना वाटलं मी हिरमुसेन. मला उलट सुटल्यासारखं वाटलं. चार रंग हाताशी असते तर मी चाळ रंगवत बसले असते. बल्ब पिवळा, बस लाल, पाटीवरची हिरवी भाजी हिरवी. म्हणजे आठवणीला रंगीत फोटोचे कपडे चढवायचे. त्या वर्षांतला आमचा एकही रंगीत फोटो घरात नाही, हे वेगळंच.

काळा धरलेलाच आहे. दुसरा कोणता, ते मी ठरवायचं.

विषय इथे टिपून ठेवते, पुढे भरकटले तर लागेल. लालबाग, 1980 ते 1989. मुलगी सात वर्षांची असते तिथे सुरू, सोळा वर्षांची होते तिथे संपतं. वडील, म्हणजे अण्णा, गिरणीच्या रंगखात्यात. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलंच नाही. पुस्तक संपाचं नाही. पण त्या घरात मोठं व्हायचं तर संपातूनच जावं लागत होतं.

9 मार्च

ज्याला विचारावं तो म्हणतो लाल घे. बेस्टची बस लाल, कुंकू लाल, युनियनचा बावटा लाल, विसर्जनाचा गुलाल लालच धरा. गिरणगाव म्हटलं की लाल, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं आहे की मला त्यात करण्यासारखं काही उरत नाही. लाल रंग पानावर येतानाच अर्थ घेऊन येतो. राग, क्रांती, सौभाग्य, धोका. वाचक पान उघडायच्या आधीच समजून बसलेला असतो.

निळा घेते. अण्णांच्या नखांतला निळा, शाळेच्या स्कर्टचा निळा, पांढऱ्या शर्टाला शेवटच्या पाण्यात घालायची नीळ, पावसाळ्यात गॅलरीला बांधलेली ताडपत्री. हे सगळे निळे एकमेकांचे लागत नाहीत, कुणी मिळून त्यांचा एक अर्थ ठरवलेला नाही. तो पुस्तकात, पानापानाला घडवता येईल. आणि पहिल्या पानावर निळा जे सांगतो तेच शेवटच्या पानावर सांगत असेल, तर मुलगी मोठी झालीच नाही असं समजायचं. एवढीच कसोटी ठेवते.

17 मार्च

इतर चित्रकथाकारांनी हे कसं सोडवलं ते पुन्हा काढून बसले. रियाद सत्तूफच्या ‘द अरब ऑफ द फ्यूचर’मध्ये (पहिला भाग 2014) रंग देशाप्रमाणे बदलतात. लिबिया पिवळा, सीरिया गुलाबी, फ्रान्स निळा. रंगाला भावनेशी बांधलेलंच नाही, नकाशाशी बांधलंय. तरी शंभरेक पानं गेली की गुलाबी पान उलटताना आपणच आक्रसतो. अर्थ त्याने दिलेला नाही, आपल्याकडून साठवून घेतलाय. मला हा मार्ग सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

ॲलिसन बेक्डेलचं ‘फन होम’ (2006) वडिलांबद्दलचं, आणि तेही काळ्या रेषेवर एकाच निळसर हिरवट करड्या वॉशमध्ये. तिथे रंग बदलतच नाही. सबंध घर त्या एका पाण्यात बुडालेलं. सुंदर आहे, पण माझ्या कामाचं नाही, कारण मला बदल हवाय. मर्जान सत्रपीने ‘पर्सेपोलिस’मध्ये करड्यालासुद्धा जागा ठेवली नाही. सपाट काळं, सपाट पांढरं. एवढं धाडस माझ्यात नाही. मला मधल्या छटा लागतात.

2 एप्रिल

रंगखात्याची पानं. अण्णा असताना मी त्यांना कामाबद्दल काही विचारलं नाही. त्या वयात कोण विचारतं. म्हणून त्यांच्या खात्यातल्या एका काकांना विरारला जाऊन भेटले. आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण जिगर मशीनवर कापड कसं फिरायचं ते हाताने करून दाखवताना उठून उभे राहिले. एका रुळावरून दुसऱ्यावर, खालच्या हौदातून, परत उलटं. कॉस्टिक आणि हायड्रो ही रसायनं टाकून रंग पाण्यात उतरवायचा. आणि मग त्यांनी मला हवं ते सांगितलं: “हौदातनं वर येतं तेव्हा निळं नसतंच ते. पिवळट हिरवं असतं. वारा लागला की डोळ्यादेखत निळं होतं. नवी पोरं घाबरायची, रंग चुकला म्हणून.”

हे रसायन मी वाचलं होतं. निळीचा रंग पाण्यात विरघळावा म्हणून त्याला हायड्रोजन जोडतात, आणि हवेत आला की तिथला ऑक्सिजन तो काढून घेतो आणि निळा उमटतो. पण “घाबरायची” हे पुस्तकात नव्हतं.

माझ्याकडे पिवळाही नाही, हिरवाही नाही. म्हणून पहिल्या चौकटीत कापड कोरं, फक्त काळ्या रेषेत. मग 20 टक्के निळा, 40, 70, आणि पाचव्या चौकटीत भरीव. पाचही चौकटींत हौद, रूळ, अण्णांची पाठ, सगळं जिथल्या तिथे. फक्त कापड बदलतं. शब्द एकही नाही.

संपादकबाईंना कच्चं पान पाठवलं तर लगेच फोन. “अगं, हेच तर मोठं होणं! वारा लागला की रंग येतो. कुठेतरी एक ओळ टाक ना.” नाही टाकणार. टाकली की ते पान गिरणीचं राहणार नाही, माझं होईल.

6 एप्रिल

अण्णांची नखं. हे पान मी कधीपासून टाळत होते.

संपाआधी त्यांचे हात धुऊन निघायचे नाहीत. साबण, राख, रॉकेल, काही चालायचं नाही. कातडीवरचा रंग आठवड्याभरात फिका पडायचा, पण नखांत मुरलेला तसाच. संप लागल्यावर ते घरी बसले आणि नखं वाढू लागली. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. म्हणजे मुळाशी नवं कोरं नख येतं आणि निळी रेघ पुढे सरकते. दर रविवारी दाराशी बसून अण्णा ब्लेडने नखं काढायचे. मी शेजारी. जानेवारीत नखं पूर्ण निळी, होळीला निम्मी, आणि आषाढात एक दिवस पेपरावर पडलेल्या शेवटच्या तुकड्याला निळी कड.

मी तेव्हा आठ वर्षांची. मला फार आनंद झाला होता, अण्णांचे हात आता मास्तरांसारखे स्वच्छ झाले म्हणून. मी ते आईला सांगायला गेले. आई तांदूळ निवडत होती, रेशनचे, खडेच जास्त. तिने वर पाहिलं नाही.

पानावर फक्त नखं काढायची. एकच अंगठा, सहा वेळा, मोठा. प्रत्येक चौकटीत निळी पट्टी थोडी पुढे. खाली महिन्यांची नावं. पुस्तकात निळा पहिल्यांदा कमी होतो तो इथे, आणि मुलीला ती चांगली बातमी वाटते. वाचकाला पगार दिसला पाहिजे.

15 एप्रिल

काल आंबेडकर जयंती. संध्याकाळी मैत्रिणीकडे गेले. ती माझ्या वर्गातली, तेव्हा बीडीडी चाळीत राहायची. पुस्तकात ती आहे, नाव बदलून. तिला विचारल्याशिवाय तिची पानं पक्की करायची नव्हती.

प्रसंग असा: चौथीत बाईंनी आवडता रंग विचारला, मी निळा म्हटलं. घरी येऊन तेच सांगितलं तर शेजारच्या काकूंनी विचारलं, “निळा? का गं? कुणाच्या नादाला लागलीस?” मला काही कळलं नाही. पुढच्या 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या रांगेत ती मैत्रीण दिसली, सगळीकडे निळे झेंडे, आणि काकूंचा प्रश्न उलगडला. रंगांनाही वस्ती असते, आणि आपल्या मजल्यावरची माणसं ती ओळखून असतात, हे मला त्या दिवशी समजलं. माझ्या मते पुस्तकातलं मोठं होणं इथेच सुरू होतं, पाळीच्या कितीतरी आधी.

मैत्रिणीने पानं शांतपणे पाहिली. मग म्हणाली, “तुझ्या पुस्तकात निळा म्हणजे एक तर अण्णांची उपासमार, नाहीतर आमचा 6 डिसेंबर. सगळं सुतकच. आमच्या घरात निळा म्हणजे काय माहितेय? 14 एप्रिल. नवे कपडे, लायटिंग, रात्री बारा वाजता बँडवर नाच. तू यायचीस की नाचायला.”

जायचे. आईला न सांगता जायचे.

6 डिसेंबरचं पान राहील, पण त्याआधी जयंतीचं दोन पानी चित्र येईल. पुस्तकातला सगळ्यांत भरघोस निळा तिथे, 100 टक्के, कडेपर्यंत. आणि काकूंचा प्रश्न त्याच्यानंतर, म्हणजे वाचकाने त्या रंगात आधी नाचून घेतलेलं असेल. झेंड्याचा निळा आणि अण्णांच्या नखांचा निळा एकाच डब्यातली शाई, हेही बरंच झालं. दोन वेगळे निळे परवडले असते तर मी ते वेगळे ठेवले असते कदाचित.

11 मे

टीव्हीचं पान. 1982 मध्येच दूरदर्शन रंगीत झालं, आधी 15 ऑगस्टचं प्रक्षेपण आणि मग नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ. आमच्या मजल्यावर रंगीत सेट कुणाकडेच नव्हता. कोपऱ्यावरच्या खोलीत काळापांढरा, आणि त्याच्यावर निळं प्लॅस्टिक लावलेलं. त्या काळी अशी निळी काच सर्रास असायची, डोळ्यांना त्रास होत नाही म्हणून. संप चालू, घरोघरी चूल मंद, आणि पंचवीस माणसं एका खोलीत दाटून निळे धावपटू बघतायत. त्यांना वाटतंय, हाच तो रंगीत टीव्ही. हे पान एका बैठकीत झालं. गंमत अशी की दोन शाईंत ते जसं होतं तसंच उतरलं.

23 जून

कुंकू. लाल नाही, तर कुंकू कसं दाखवायचं? निळं दाखवणं हास्यास्पद. भरीव काळं दाखवलं तर ठिपका होतो. शेवटी पोकळ गोल ठेवला, बारीक रेघेचा, आत कोरा कागद. पहिल्या तीन प्रकरणांत आईच्या कपाळावर तो आहे. वाचक त्यात आपला लाल भरून घेतो. मराठी वाचकाला सांगायची गरज नाही.

अण्णा 1987 मध्ये गेले. माझ्या आराखड्यात त्यानंतर आईचं कपाळ कोरं होतं. गोल नाही, काही नाही. सोपं, पाहताच कळणारं. पण चित्र काढायच्या आधी आईला विचारून घ्यावं म्हटलं, कारण मला तिचा त्या वर्षातला चेहरा आठवेना.

“कोरं कधी होतं? तेरावं झालं आणि मी टिकली लावली. काळी.”

“कुणी काही बोललं नाही?”

“कपाळ मोकळं असलं की माणसं बघतात गं. आधी कपाळ, मग गळा, मग पदर. काळी लावली की बघत नाहीत. कामाला जायचं होतं मला.”

आई तेव्हा एका एक्स्पोर्टच्या शेडमध्ये धागे कापायला जायची. सकाळी साडेआठची गर्दी, लोअर परळचा पूल. कोऱ्या कपाळाने त्या पुलावरून जायचं नाही, एवढा साधा हिशोब. वैधव्याचं प्रतीक वगैरे मी मनात मांडून बसले होते, आणि तिच्यासाठी तो रोजच्या येण्याजाण्याचा बंदोबस्त होता.

तर आता पोकळ गोलाच्या जागी भरीव काळा ठिपका. आकार थोडा लहान. पानावर तो आधीच्या गोलापेक्षा जास्त ठसठशीत दिसतोय. कोरं कपाळ काढलं असतं तर आई चित्रात फिकट झाली असती. आता ती उठून दिसते.

प्रकाशकांकडच्या एकाने शंका काढली की काळी टिकली म्हणजे अशुभ असं वाचलं जाईल. जाऊ दे. आधीच्या एका पानावर संक्रांतीला आईने काळी चंद्रकळा नेसलेली आहे, हलव्याचे दागिने घालून. ज्याने ते पान पाहिलंय तो काळ्याला एवढ्यात सुतक चिकटवणार नाही.

5 जुलै

पाळीचं पान. सगळ्यांना वाटत होतं की इथे मी अडकेन. लाल कुठून आणणार? प्रत्यक्षात हे पान आपोआप सुटलं, कारण गडद निळ्या स्कर्टवर रक्ताचा डाग लाल दिसतच नाही. काळपट ओला दिसतो. मागच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं तेव्हा मी वळून पाहिलं आणि मला वाटलं शाई सांडली. निळ्यावर काळा छापायचा, बस्स. जसं होतं तसं.

त्यानंतरचं आवडीचं काम म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत ‘बाजूला बसणं’. बाजू आहे कुठे? मोरी आणि पलंगाच्या मधली दीड फुटाची फट. खोलीचा नकाशाच काढला, वरून पाहिल्यासारखा, माणसं आणि पिंप आणि शिलाई मशीन दाखवून, आणि मुलगी त्या फटीत. अण्णा तेव्हा हयात होते. ते तीन दिवस गॅलरीत झोपले, पावसात, ताडपत्रीखाली. काही बोलले नाहीत. ताडपत्री 70 टक्के.

पुढे टीव्हीवर जाहिराती आल्या, त्यांत पॅडवर निळं पाणी ओततात. कितीतरी वर्षं ओतत राहिले. ते पान पुस्तकात टाकायचा मोह झाला होता, पण ते माझ्या सोळाव्या वर्षानंतरचं. राहू दे.

8 ऑगस्ट

मशीन प्रूफ. परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला छापखाना, दोन रंगी मशीन. हवेत इतकी दमट ओल की कागद सकाळी एका मापाचा आणि दुपारी दुसऱ्या. कागद ओल धरतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो, त्यामुळे काळा आणि निळा एकमेकांवर बसेनात, म्हणजे रजिस्टर जुळेना. अंगठ्याच्या पानावर निळी पट्टी नखाच्या बाहेर सरकलेली. मशीनवाले भाऊ म्हणाले, “मॅडम, श्रावणात रजिस्टर असंच नाचतं. गठ्ठे दोन दिवस इथेच उघडून ठेवू, कागद हवेला सरावला की बसेल.”

तोवर मी निळ्याच्या कडा काळ्या रेघेखाली जराशा आत घेतल्या, म्हणजे थोडं हललं तरी पांढरी फट दिसणार नाही. दुसरी अडचण कागदाची. मॅपलिथो कागद शाई पितो. पडद्यावर 40 टक्के दिसणारा टिंट, म्हणजे फिकी छटा, छापल्यावर 60 च्या घरात वाटतो. जिगरच्या पाच चौकटींतल्या मधल्या दोन सारख्याच दिसायला लागल्या. आता 12, 28, 55 असे आकडे धरलेत. 12 च्या खाली गेलं तर ठिपका विखुरलेला दिसतो.

जयंतीचं दोन पानी चित्र मात्र पहिल्याच तावाला असं उतरलं की भाऊंनी मशीन थांबवून हेल्परला बोलावून दाखवलं. “हे कुठलं, वरळी का?” हेल्परने विचारलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, “आमचंच आहे मग.”

19 ऑगस्ट

शेवटच्या पानावरून संपादकबाईंशी वाद. त्यांचं म्हणणं, 1989 मध्ये मुलगी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या फाटकाशी उभी आहे, तर तिच्या बोटांना निळा रंग लागलेला दाखव. अण्णांची बोटं आणि हिची बोटं. वर्तुळ पूर्ण.

वर्तुळ पूर्ण होऊ नये म्हणूनच तर एवढा खटाटोप. शिवाय ते खरंही नाही. पहिल्या वर्षी आम्ही पेन्सिल आणि कोळसा सोडून फारसं काही हातात धरलं नाही, बोटं काळी असायची. आणि अण्णांचा निळा पगाराचा होता. माझ्या बोटांना लागला असता तो हौसेचा, फी भरून घेतलेला. दोघांना एका चौकटीत बसवलं की अण्णांच्या पाठीवर पाय देऊन मी कलाकार झाले अशी गोड गोष्ट होते.

शेवटचं पान फक्त काळ्यात ठेवते. फॉर्म भरायची रांग, ऊन, आईच्या हातातली कापडी पिशवी. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात काय लिहायचं यावर आई आणि मुलगी रांगेतच हुज्जत घालतायत. आई म्हणते “गिरणी कामगार” लिही. मुलगी म्हणते ते आता नाहीत, आणि गिरणीही बंद. तिथेच चौकटी संपतात.

बाई म्हणाल्या, विचार करते. दोन दिवसांनी मेसेज आला: ठीक.

2 सप्टेंबर

आतला मजकूर पक्का, प्लेट्स उद्या. कागद आता सुकून ठिकाणावर आलाय. निळा डब्यातून थेट न घेता भाऊंनी त्यात चिमूटभर काळा घातला, मला तोच हवा होता. डब्यावर प्रमाण लिहून ठेवायला सांगितलंय, पुढची आवृत्ती निघालीच तर.

आता मुखपृष्ठ. विक्री विभागाला त्यावर लाल हवाय. निळं पुस्तक दुकानात उठत नाही, शिवाय “कुठल्या गटाचं” असं वाटेल, असं त्यातल्या एकाने अगदी सहज म्हणून टाकलं. काकूच भेटल्या पुन्हा. मी कोरा कागद आणि काळा अंगठा सुचवलाय, नखावर निळी पट्टी निम्म्यापर्यंत. शुक्रवारी दुपारी बैठक आहे. मैत्रिणीला बरोबर नेतेय.